चार इंची भिंत

आमच्या अमरावतीच्या घरात हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये चार इंची भिंत होती. भिंतीला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. स्वयंपाकघराला आतून कडी कशाला लागते, हे घर बांधणाऱ्यालाच ठाऊक, पण त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत. मी शाळेत शिकवते. दिवसभर लोकांची पोरं, संध्याकाळी घरी आपली दोन, त्यातली मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा दोनाचा. या दोहोंच्या मध्ये, कणीक मळायची आहे असं सांगून मी ते दार लोटून घ्यायचे. कधी खरंच कणीक मळायचे, कधी नुसती ओट्याला टेकून उभी राहायचे. अख्ख्या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

अकोल्याहून सासरची माणसं आली की त्या जागेत आम्ही दोघी असायचो, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. सासूबाई त्यांच्याकडे राहतात. बाहेर दोघे भाऊ राजकारणावर घसा कोरडा करायचे, सासूबाई त्यांच्यात बसून मान डोलवायच्या आणि आत आम्ही भाकरी थापता थापता साचलेलं सगळं बोलून घ्यायचो. कोण काय म्हणालं, कोणाला किती लागलं, कोणाची झोप उडाली. रडायचोही कधी कधी, पण कांदा हाताशी असायचा, त्यामुळे कोणाला कळायचं नाही.

ती भिंत पाडायचं माझ्या नवऱ्याने ठरवलं. अकोल्याला त्याच्या मोठ्या भावाने ओपन किचन करून घेतलं होतं. ते बघून हा परत आला तो डोळे विस्फारूनच, जसं काही त्या घरात समुद्रच आणून ठेवला होता.

"आजकाल भिंत कोणीच ठेवत नाही. सगळे ओपनच करून राहिले," तो म्हणाला.

"कावून? भिंतीनं काय वाकडं केलं तुमचं?"

"अवो, तुलेच सोपं होईन. स्वयंपाक करता करता पोरं दिसतीन. लक्ष राहीन."

म्हणजे लक्ष मीच ठेवायचं, हे ठरलेलंच होतं. डोळे त्यालाही दोन आहेत, पण ते संध्याकाळी मोबाइलवर कामाला असतात.

माझी सगळी भिस्त जाऊबाईंवर होती. त्या ओपन किचनमध्ये प्रत्यक्ष राबत होत्या. त्यांनी एकदा सांगितलं असतं की नका करू, तर विषय तिथेच संपला असता. मी नवऱ्यासमोर फोन लावला आणि मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"लय मस्त झालं," जाऊबाई म्हणाल्या. "तुमीबी करून टाका. घर कसं मोठं दिसते. हवाबी खेळती राह्यते."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. कोर्टात केस जिंकलेल्या वकिलाचा चेहरा होता तो. मी फोन ठेवला आणि मनातल्या मनात जाऊबाईंच्या नावाने बोटं मोडली. नवीन ओटा मिळाला आणि बाई पार बदलली, असं मला वाटलं. त्यानंतर बरेच दिवस मी त्यांना आपण होऊन फोन केला नाही.

मग इंटेरियरवाला आला. टोकदार बूट, हातात लॅपटॉप. त्याने आमचं होऊ घातलेलं स्वयंपाकघर पडद्यावर गरगर फिरवून दाखवलं. त्यात दोन उंच स्टुलं होती आणि एका वाडग्यात हिरवी सफरचंदं होती. पोळपाट नव्हता, कुकर नव्हता, लोणच्याची बरणी नव्हती, आणि पोरं तर नव्हतीच.

"मॅडम, फ्लो पाहा कसा मस्त येऊन राहिला."

"कशाचा?"

"स्पेसचा."

मी विचारलं, गव्हाची कोठी कुठे ठेवायची? तो हसला. आजकाल कोणी वर्षाचं धान्य भरत नाही, म्हणाला. हे तो अमरावतीत उभा राहून सांगत होता, जिथे होळी झाली की निम्म्या घरांसमोर गावाकडून आलेल्या गाडीतून गव्हाची आणि तुरीची पोती उतरतात. आमच्याकडेही उतरतात. त्या पोत्यांना मी काय सांगणार होते, आजकाल कोणी येत नाही म्हणून? नवऱ्याने मात्र त्याच्यासमोर अशी मान हलवली, की जणू जन्मापासून आपण गहू पाहिलाच नाही.

महाशिवरात्री झाल्यावर काम सुरू झालं. होळीच्या आत हातात देतो, असं टोकदार बूट म्हणाले होते. प्रत्यक्षात बाजारातले आंबे संपत आले तेव्हा ते हातात पडलं. मधल्या काळात आम्ही चौघं, गव्हाची कोठी आणि इंडक्शनची शेगडी एकाच बेडरूममध्ये राहिलो. भिंतीवर पहिला घण पडला तेव्हा नवऱ्याने व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, टाळ्या आल्या. मग तो ऑफिसला गेला. तिथे एसी आहे. संध्याकाळी परत आला की पंख्याखाली उभा राहून विचारायचा, "किती झालं?" जसं काही काम मीच करत होते आणि त्यात माझीच कुचराई चालली होती.

वैशाखातल्या अमरावतीच्या उन्हात, बंद बेडरूममध्ये, फरशी कापायच्या मशीनच्या आवाजात दोन वर्षांच्या पोराला दुपारी झोपवून दाखवावं, मग फ्लोबद्दल बोलावं. कूलर लावला की बाहेरची धूळ ओढून आत आणायचा, बंद केला की पोराच्या अंगावर घामोळं उठायचं. भांडी मी बाथरूममध्ये घासत होते. ताट कुठे, बादली कुठे, साबण कोणता, याचा भेद पहिल्या आठवड्यातच गेला. वरणात वाळू लागायची. आधी मी वरण फेकून द्यायचे, नंतर वरचं वरचं वाढायला लागले. पोरगा पुट्टीच्या गोण्यांना जीभ लावायचा. त्याला तिथून उचलून आणलं की मुलगी तुटक्या फरशीच्या कडेवर बोट कापून घ्यायची. तिने गवंड्याची भाषा उचलली होती. शेजारच्या काकू चौकशीला आल्या तर ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मालच नाही आला, तं मी काय करू?" काकू हसल्या. मला हसू आलं नाही. गवंडी खोटं तरी बोलत नव्हता. खोटं बोलणारे ते टोकदार बूट होते आणि ते फोन उचलत नव्हते. उचललाच, तर सुताराच्या घरी लग्न असायचं. एका उन्हाळ्यात त्या सुताराच्या घरातली इतकी लग्नं झाली, की वऱ्हाडात कोणी बिनलग्नाचं उरलं नसेल.

शेवटी झालं. चकचकीत झालं, हे मी नाकारत नाही. बोट लावलं की ठसा उमटायचा, इतकं चकचकीत. पहिल्याच दिवशी पोरगा उंच स्टुलावर चढला आणि पडला. स्टुलं माळ्यावर गेली.

पोरं दिसतीन, असं नवरा म्हणाला होता. ती दिसतात. पण त्यांनाही मी दिसते, हा विचार त्याच्या डोक्यात शिरला नव्हता. पूर्वी दार लोटलेलं असलं की दोघं आपापली खेळत बसायची. आई आत आहे, येईल, एवढं त्यांना पुरायचं. आता मी सतत समोर असते, म्हणून सतत लागते. आई, हे बघ. आई, तो बघ. आई, तू मला बघत का नाहीस? मुलगा तर पायाला मिठी मारून उभा राहतो आणि मी त्याला ओढत ओढत फ्रिजपर्यंत जाते. नवरा सोफ्यावरून म्हणतो, "पाह्य, किती छान वाटते ना, सगळे एकाच ठिकाणी."

त्याने ऑफिसातले दोघे-तिघे जेवायला बोलावले, स्वयंपाकघर दाखवायलाच. मी पाटवडीचा रस्सा केला. रश्श्यासाठी सुक्या मिरच्या तव्यावर टाकल्या आणि पाहुणे खोकत अंगणात पळाले. ओट्यावर धूर ओढायला बसवलेली ती महागडी चिमणी घरघरत राहिली, तिने मिरचीचं काहीही वाकडं केलं नाही. पाहुणे गेल्यावर नवरा म्हणाला, "तू फोडणी जरा कमी देत जा." भिंत त्याने पाडली आणि फोडणी मी कमी करायची.

हे सगळं मी गिळलं असतं. पण मला उभं राहायला जागा उरली नव्हती. मी काय करते, किती वेळ करते, चेहरा कसा आहे, सगळं सोफ्यावरून दिसत होतं. "काय झालं, तोंड कावून पाडलं?" असं दिवसातून कितीदा तरी कानावर यायचं. तोंड पाडायला मला कुठे आडोसाच नव्हता.

जुलैमध्ये अकोल्याची मंडळी नवं घर बघायला आली. दोघे भाऊ आणि सासूबाई सोफ्यावर, ओट्याकडे तोंड करून. आम्ही दोघी ओट्याशी, सगळ्यांच्या समोर. भेटून कितीतरी महिने झाले होते. जाऊबाई वाळल्या होत्या, डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी विचारलं, "मीठ पाहता का?" त्या म्हणाल्या, "बरोबर आहे." अख्खा स्वयंपाक झाला तरी आमचं बोलणं मिठाच्या पुढे गेलं नाही. मीही अजून त्यांच्यावर धुमसतच होते.

जेवणं झाली. सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "दोघीयचंबी सारखंच झालं. बरं झालं."

मी ओटा पुसत होते. आवाज चढवायची गरजच नव्हती, मध्ये काही नव्हतं ना.

"मले भिंत परत पाह्यजे," मी म्हणाले. "दारासकट."

पोरगा माझ्या पायाशी चमचा आपटत होता.

"डोकं फिरलं का तुहं?" नवरा म्हणाला. "आत्ता तं झालं सगळं. वयनीयनं सांगितलं नव्हतं का फोनवर, लय मस्त झालं म्हणून? तूच तं लावला होता फोन."

सगळ्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि ते पाहणं काही प्रेमाचं नव्हतं. त्या ताटं गोळा करत होत्या. हातातलं ताट त्यांनी खाली ठेवलं.

"तवा आई समोर बसल्या होत्या," त्या म्हणाल्या. "हेबी बसले होते. सगळे ऐकून राहिले होते. मंधात भिंत होती का, मले खरं बोलाले?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. मोठे दीर बायकोकडे असे बघत राहिले, जसं घरात कोणी अनोळखी बाई शिरली होती. मग त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्ही लावला. नवऱ्याने तो त्यांच्या हातातून घेऊन आवाज वाढवला, चांगला मोठा. बातम्यांतली माणसं एकमेकांवर ओरडायला लागली. दोघे भाऊ पडद्याकडे असे बघत बसले, की जणू त्यांच्याच घरची बातमी लागली होती.

जाऊबाई ओट्यापाशी आल्या. सोफ्याकडे पाठ करून माझ्या अगदी जवळ उभ्या राहिल्या. टीव्हीच्या त्या गोंगाटात आता आमचं कोणाला ऐकू जाणार नव्हतं. त्यांनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "सांग आता. कशी आहे तू?"