घडीचा चाकू आणि उजवा हात

इतकी प्रकरणं हाताखालून गेली, पण डोळ्यांसमोर अजून जसंच्या तसं उभं राहतं ते श्रीपूरकडच्या उसाच्या फडातलं. मी आता पोलीस खात्यात नाही. सात वर्षे उपनिरीक्षक म्हणून काम केलं आणि राजीनामा दिला. त्याचं कारण या लेखाचा विषय नाही. हे प्रकरण पहिल्या वर्षातलं आहे आणि त्यात एक चूक माझी आहे, म्हणून लिहिते आहे.

गाळप हंगाम जोरात होता. दुपारी तीनच्या सुमारास ठाणे अंमलदारांकडे फोन आला की फडाच्या कडेला एका ट्रॅक्टरचालकाला कोणीतरी भोसकलं आहे. आम्ही पोचलो तेव्हा तोडणीवाल्यांनी त्याला एका जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं. पुढे तो सोलापूरला हलवला गेला, शस्त्रक्रिया झाली, पण तो शुद्धीवर नव्हता. घटनास्थळी उसाचं पाचट, रक्त आणि अर्धी भरलेली ट्रॉली एवढंच होतं. हत्यार नव्हतं. दवाखान्यातून कळलं की पोटाच्या डाव्या बाजूला एकच वार आहे, अरुंद पण खोल. कोयत्याचा नाही, टोकदार चाकूचा.

मी पंचनामा केला आणि तिथे असलेल्यांचे जबाब घ्यायला सुरुवात केली. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी बोलता येत होतं, पण जबाबाची भाषा हातात बसायला वेळ लागत होता. माझ्याबरोबरचे हवालदार निवृत्तीला तीनेक वर्षे उरलेले, अनुभवी होते. ते शेजारी बसून माझे शब्द दुरुस्त करत.

"मॅडम, 'त्याला चाकू मारला गेला' असं नाही. 'कोणीतरी अज्ञात इसमाने चाकूने भोसकून गंभीर जखमी केले.' कोर्टाला असंच लागतं."

मी खोडून पुन्हा लिहायची. लोकांच्या डोळ्यांत बघून प्रश्न विचारणं मला तेव्हा अवघड जाई. मी त्यांच्या हातांकडे बघायची. त्या दिवशी एका दुसऱ्या ट्रॅक्टरचालकाचा जबाब घेतला. घटना घडली तेव्हा आपण कारखान्याच्या रांगेत होतो, असं त्याने सांगितलं. त्याच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, ऊस सोलताना कोयता लागला. मी तसं लिहून घेतलं. त्याने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. मी ती बघितली आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीप आली. कारखान्याच्या रस्त्यावर चहाची टपरी चालवणारा एक जण हवालदारांना अधूनमधून खबर देत असे. तो म्हणाला, "साहेब, त्या मेंढक्याकडं बघा की. लई मोठा घडीचा चाकू असतो त्याच्या खिशात. आणि आठ दिवसांमागं त्याचं मेंढरू ह्याच ट्रॅक्टरखाली गेलं होतं. 'बघून घेतो' म्हणला होता, सगळ्यांनी ऐकलंय."

ते खरं होतं. भांडण झाल्याचं पाच-सहा जणांनी सांगितलं. आम्ही मेंढपाळाला ताब्यात घेतलं. तो मैंदर्गीकडचा, पन्नाशीचा. तोडणी झालेल्या रानात मेंढरं बसवत तो आणि त्याची बायको इथपर्यंत आले होते. झडतीत चाकू सापडला नाही. चाकू होता, हे मात्र त्याने लगेच कबूल केलं.

"होता की. कुटं गेला म्हणता? तीन दिवसांमागं एका ट्रॅक्टरवाल्याला दोर कापायला दिला. परत न्हाय दिला त्यानं."

"कोणत्या?"

"आता काय सांगू. समदे तोंडाला रुमाल बांधून हिंडत्यात धुळीनं. मला तर मेंढरंच वळखू येत्यात."

हवालदार हसले. ठाण्याचे निरीक्षक, आमचे मोठे साहेब, हसले नाहीत. भांडण आहे, धमकी आहे, चाकू आहे आणि तो नेमका गायब आहे. अटक झाली. न्यायालयाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली. साहेबांनी सांगितलं, हत्यार हस्तगत करा.

ठाण्याच्या आवारात त्याची बायको येऊन बसली. तिला मराठी थोडंच येत होतं, ती कानडीत बोलायची. अक्कलकोटकडच्या एका महिला शिपायाने अर्थ सांगितला. शंभरावर मेंढरं तिने एका ओळखीच्याच्या भरवशावर सोडली होती. रान रिकामं करा म्हणून शेतमालक मागे लागला होता. सात-आठ मेंढ्या आजउद्या व्यायच्या होत्या. नवरा तुरुंगात गेला तर एकटीने कळप हाकत मैंदर्गीपर्यंत जाणं तिला शक्य नव्हतं. कळप फोडून विकावा लागेल, आणि मग पुढच्या वर्षी बाहेर पडायला काही उरणार नाही. ती रडली नाही. एवढं सांगून तिने शिपायाकडे प्यायला पाणी मागितलं.

त्या दुपारी मी मेंढपाळाला चौकशीसाठी बसवलं. हवालदार म्हणाले, "मॅडम, एवढ्या हळू विचारलंत तर त्याला वाटेल, पाहुणा म्हणून बोलावलंय."

मी आवाज वाढवला नाही. मला एकच गोष्ट समजून घ्यायची होती. मेंढपाळ पिढ्यानपिढ्या कमरेला सुरा बाळगतात. सुरा साधा, मुठीत पक्का बसवलेला, काही मोडायचं नाही की अडकायचं नाही. मग याने तो सोडून घडीचा चाकू का घेतला?

"सुरा चांगलाच की," तो म्हणाला. "पर उघडा. म्यान फाटलं की मांडीला लागतंय. मेंढरू पळालं, आपण वाकून धरलं, की पोटात घुसायचा. एकदा घुसलाबी हाय." त्याने सदरा वर करून जुना व्रण दाखवला. "आणि एश्टीत बसलो की लोक आसं बघत्यात, जणू दरोडा घालाय निघालोय. घडीचा खिशात बसतो. कुणाला काय न्हाय."

"मग घडीचाच बरा म्हणायचा."

"व्हय, पर त्याची खोड हाय. त्यो माझा जुन्या धाटणीचा. पातं एवढं," त्याने वीतभर बोटं फाकली, "आणि अडकवायला खिट्टी न्हाय. त्यो वढायचा, ढकलायचा न्हाय. दोर, पाला, कातडं, समदं आपल्याकडं वढून कापायचं. ढकलला की मिटतो."

"मिटला तर?"

"तर काय. बोटं आत."

त्याने उजव्या हाताची मूठ करून दाखवली. बोटांच्या आतल्या बाजूवरून दुसऱ्या हाताचं बोट आडवं फिरवलं. मी त्याला दोन्ही हात पुढे करायला सांगितलं. तळव्यांना घट्टे होते, काट्यांचे ओरखडे होते. ताजी जखम एकही नव्हती.

हवालदारांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मिटतोच असं नाही मॅडम. जपून मारला असेल." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हात स्वच्छ आहेत म्हणून कोणी सुटत नाही. पण मला ते गुंडाळलेलं फडकं आठवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा फडावर गेले.

घटनेच्या दिवशी जी तोडणीची टोळी ट्रॉली भरत होती तिच्यातली एक तोडणी कामगार बाई माझी साक्षीदार होती. तिच्याशी बोलता बोलता मी विचारलं, कोयता लागला तर कुठे लागतो. तिने हात थांबवला नाही. डाव्या हाताने उसाचा बुडखा धरला, उजव्या हाताने कोयता घातला आणि डावा हात माझ्यापुढे केला. अंगठ्यावर आणि मनगटावर जुने व्रण होते.

"हितं लागतो. न्हायतर नडगीला."

"उजव्या हाताला? आतल्या बाजूने, बोटांवर?"

तिने शेजारच्या बाईकडे बघितलं. दोघी हसल्या.

"ताई, ज्या हातात कोयता हाय त्या हाताला कोयता कसा लागंल? तुमाला साळंत शिकिवलं न्हाय व्हय?"

"तो हाताला फडकं बांधलेला ट्रॅक्टरवाला म्हणतो, ऊस सोलताना लागला."

"कोन, त्यो? मग लई हुशार हाय की त्यो."

मग तिने जे सांगितलं ते पहिल्या दिवशी कोणी विचारलंच नव्हतं. त्याच्यात आणि जखमी चालकात नंबरावरून धुसफूस होती. आधी कोणाची ट्रॉली भरायची, यावर रोज वाद व्हायचा. ट्रॉली उशिरा भरली की कारखान्याच्या रांगेत रात्रभर अडकून पडावं लागतं. घटनेच्या दिवशी जखमी चालकाने मधे घुसून आपली ट्रॉली आधी लावली होती.

परत येताना मी टपरीवर थांबले. चहावाल्याला विचारलं, मेंढपाळाच्या चाकूचं तुम्हाला कोणी सांगितलं. तो गोंधळला. मग म्हणाला, त्या हाताला फडकं बांधलेल्या ट्रॅक्टरवाल्यानेच.

साहेबांसमोर जाऊन बोलणं मला सर्वांत कठीण गेलं. मी माझ्याच अक्षरातला जबाब त्यांच्यापुढे ठेवला. "उजव्या हातास ऊस सोलताना कोयता लागला." त्याखाली डाव्या हाताची सही. हे मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं, लिहिलं होतं आणि पुढे एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या एका प्रश्नाअभावी एक माणूस दोन दिवस कोठडीत होता. साहेबांनी जबाब दोनदा वाचला.

"मग आता विचारा," एवढंच म्हणाले.

चालकाला बोलावलं. मी टेबलावरची लाकडी पट्टी आणि एक उसाचं कांडं त्याच्यासमोर ठेवलं. "ही पट्टी म्हणजे कोयता. कसा लागला ते दाखवा."

त्याने सवयीने पट्टी उजव्या हातात घेतली. बोटं मिटताना तोंड वाकडं झालं. डाव्या हातात कांडं धरलं. मग थांबला. पट्टी डाव्या हातात घेतली, कांडं उजव्या हातात. दोनदा सोलल्यासारखं केलं. ते त्याला जमेना.

"डावखुरे आहात का?" मी विचारलं.

"व्हय."

मी कारखान्याच्या रांगेतल्या नोंदवहीची पानं उलटली. ती सकाळीच मागवून घेतली होती. हंगामभर केलेल्या त्याच्या सह्या, सगळ्या सरळ, वळणदार; घटनेच्या दुपारची मात्र एकही नाही. आणि शेजारी मी घेतलेल्या जबाबावरची वेडीवाकडी.

त्याने दोन्ही सह्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "मारायचं नव्हतं मॅडम. भ्या दावायचं होतं. त्यो हसला."

वैद्यकीय तपासणीत फडकं सोडलं तेव्हा चारही बोटांवर आतल्या बाजूने एका रेषेत आडवी चीर होती. चाकू त्याने पंचांसमोर ट्रॅक्टरच्या सीटच्या फोममधून काढून दिला. पातं घासून लख्ख केलेलं होतं. सुरा असता तर तेवढ्याने भागलं असतं. घडीच्या चाकूला मात्र पातं आत बसायला खाच असते आणि एक खिळा असतो, तिथे पाणी नीट पोचत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात त्या खाचेतलं रक्त दोन माणसांचं निघालं, जखमीचं आणि त्याचं स्वतःचं. जखमी पुढे वाचला आणि त्यानेही तेच नाव सांगितलं.

मेंढपाळाच्या सुटकेचा अहवाल मी स्वतः लिहिला. हवालदारांनी त्यात एकही शब्द बदलला नाही. तो बाहेर आला तेव्हा चाकू मागू लागला. निकाल लागेपर्यंत तो मुद्देमाल म्हणून जमा राहील, असं मी सांगितलं. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि बायकोच्या मागे चालू लागला. मला माफी मागायची होती. कोणत्या शब्दांत मागायची ते सुचेपर्यंत ते दोघे फाटकाबाहेर गेले होते. तीन मेंढ्या व्यायल्या होत्या, हे नंतर शिपायाकडून कळलं.

या प्रकरणाने मला हत्यारांबद्दल थोडं आणि जबाबाबद्दल पुष्कळ शिकवलं. समोरच्याने दिलेलं उत्तर लिहून घेणं म्हणजे तपास नव्हे. उत्तर लिहून झालं की त्या उत्तरातलं काम स्वतःच्या हाताने करून बघायचं. ऊस सोलला म्हणाला तर ऊस सोलून बघायचा. पुढची सहा वर्षे मी तेच केलं. ठाण्यात यावरून माझी चेष्टा व्हायची, ती मी होऊ दिली. आणि खिशात मिटलेला चाकू ठेवणारा माणूस काही लपवतो आहे, असं मानणं मी सोडून दिलं.

दोनेक वर्षांनी कुंभारीजवळच्या रस्त्यावर एक कळप आडवा आला. आमची गाडी थांबली. मेंढरं हाकणाऱ्याने मला ओळखलं. तो गाडीजवळ आला, त्याने दोन्ही हात उताणे करून माझ्यापुढे धरले आणि म्हणाला, "बघा मॅडम. काय लागलंय का?"

हवालदार मोठ्याने हसले. मी हातांकडे बघितलं नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "त्या वेळी माझं चुकलं."

"व्हय," तो म्हणाला. "चुकलं होतं." मग त्याने खिशातून नवा घडीचा चाकू काढला आणि उघडून मला खिट्टी दाखवली. "आता असला घेतलाय. मिटत न्हाय."