तिसरं टोक

किल्लारीच्या ग्यानोबाची थोरली लेक राजकन्या गणितात पीएच.डी. करते, हे लातूरच्या रस्त्यावर झाडून सगळ्यांना माहीत होतं. ग्यानोबा काळी-पिवळी चालवायचा. जीपमध्ये बसलेल्याला मधेच उतरता येत नाही, याचा तो पुरेपूर फायदा घ्यायचा, आणि औसा येईपर्यंत अनोळखी माणसालाही राजकन्येचे दहावीचे मार्क पाठ झालेले असायचे. “काय शिकती म्हणावं?” असं कुणी खोदून विचारलंच तर तो गिअर बदलत म्हणायचा, “लई वरचं गणित हाय. सांगून कळायचं न्हाई.” म्हणजे त्यालाही कळलेलं नव्हतं, पण त्यानं काही अडत नव्हतं.

राजकन्या अहमदपूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. तासिका तत्त्व म्हणजे लग्नातल्या वाजंत्र्यासारखं, वाजवलं तेवढंच आपलं. तिशी उलटली, धाकटीचं लग्न होऊन गेलं, सोयरे विचारून विचारून थकले. आता कुठे कायमची जागा निघाली होती आणि तिला पदवी हवी होती. प्रबंध सादर झाला होता, परीक्षकांचे अहवाल चांगले आले होते, उरली होती ती फक्त नांदेडला विद्यापीठात होणारी तोंडी परीक्षा.

तिचा विषय मॉड्युलर फलनं, म्हणजे फंक्शन्स. ही फलनं मोठी शिस्तीची. ठरावीक रीतीनं त्यांच्यात कितीही उलटापालट करा, ती होती तशीच राहतात. त्यांच्यातून संख्यांची एक न संपणारी रांग निघते. आपल्या फलनाच्या रांगेतल्या प्रत्येक संख्येला पाचानं भाग जातो, असं राजकन्येनं सिद्ध केलं होतं. न संपणारी रांग माणूस तपासणार कशी? तर या फलनांना टोकं असतात. त्या टोकांपाशी फलन कसं वागतं ते कळलं, की रांगेतल्या किती संख्या तपासायच्या हे ठरतं. तेवढ्यांना भाग गेला की पुढच्या सगळ्यांना जातोच. राजकन्येला याचं फार अप्रूप होतं. मूठभर तपासावं आणि अनंताची खात्री मिळावी, असं दुसरीकडे कुठे मिळतं?

परीक्षेच्या आधी स्लाइड करताना तिनं सहज, हौसेनं, संगणकाला रांगेत आणखी पुढे जायला सांगितलं. पुढे एका संख्येला भाग गेला नाही.

तिनं पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग ती सगळी सिद्धता पहिल्यापासून तपासायला बसली. तिचे मार्गदर्शक भीमाशंकर सर जन्मभर दोनच टोकं असलेल्या फलनांवर काम करत आले होते. टोकं तपासायचा त्यांचा एक साचा होता आणि त्यांचे सगळे विद्यार्थी आंधळेपणानं तो वापरायचे. सरांचा साचा पुन्हा तपासणं म्हणजे आगाऊपणा! राजकन्येच्या फलनाला मात्र तिसरं टोक होतं. तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं आणि नेमकं तिथे फलन हाताबाहेर जात होतं. रांग कितीतरी पुढपर्यंत तपासायला हवी होती. मुख्य प्रमेयच कोसळलं होतं.

ती तशीच नांदेडला सरांकडे गेली. सरांनी तिचा हिशेबाचा कागद पाहिला, चष्मा काढून पुसला.

“परीक्षकांना दिसलं का?”

“नाही, सर.”

“मग झालं. पदवी पदरात पडू दे. नंतर आपण सावकाश दुरुस्त करू. मी दोन महिन्यांत रिटायर होतोय, राजकन्या. या वयात मला तोंडघशी पाडू नकोस.”

सर वाईट नव्हते. त्यांचा आवाज कापत होता, आणि म्हणूनच तिला नाही म्हणता आलं नाही. जागा डोळ्यांपुढे होती, हेही खरंच. गप्प बसणं तसं अवघड नसतं. ती गप्प बसली आणि जेवण गोड लागेनासं झालं.

परीक्षेच्या दिवशी ग्यानोबा अख्खी जीप भरून माणसं घेऊन आला. तारामती, म्हणजे राजकन्येची आई, कडक इस्त्रीच्या साडीत अवघडून बसली होती. चुलते होते, आत्या होत्या, शाली-नारळाच्या पिशव्या होत्या. परीक्षा झाली की जेवण संशोधकानंच द्यायचं असा रिवाज, म्हणून बाहेर व्हरांड्यात भांडी मांडलेली होती. बाहेरगावचे परीक्षक घड्याळाकडे पाहत होते. राजकन्येनं स्लाइड दाखवल्या. तिसऱ्या टोकाबद्दल कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, “ही खुली परीक्षा आहे. सभागृहात कुणाला काही विचारायचं आहे का?”

हे नुसतं विचारायचं असतं. कुणी काही विचारत नाही, टाळ्या होतात, मग जेवण. विद्यापीठातल्या शिपायालाही ठाऊक असलेली ही गोष्ट ग्यानोबाला ठाऊक नव्हती. एवढा मोठा माणूस विचारतोय आणि आपल्याकडून कुणी तोंड उघडू नये, हे त्याला बरं दिसेना. सोयरिकीच्या बैठकीत उठावं तसा तो टोपी सावरत उठला.

“साहेब, आमाला त्यातलं काय बी कळत न्हाई,” तो हात जोडून म्हणाला. “पोरीनं लई वर्सं खपून केलंय. एवढंच इचारतो. राजू, समदं बरोबर हाय न्हवं, माय?”

सभागृह हसलं. परीक्षकही कौतुकानं हसले. भीमाशंकर सर हसले नाहीत. ते राजकन्येकडे बघत होते.

सरांपुढे तिला गप्प बसता आलं होतं. परीक्षकांपुढेही आलं. पण बापाला ‘हाव, आप्पा’ म्हणणं तिला जमेना.

“न्हाई, आप्पा,” ती म्हणाली. “चुकलंय.”

लोक पुन्हा हसले. मग ती फळ्याकडे वळली आणि तिसऱ्या टोकाचं गणित मांडू लागली, तसं एकेकाचं हसू मावळलं. परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. भीमाशंकर सरांनी मान खाली घातली. खडूच्या आवाजाशिवाय सभागृहात काही ऐकू येत नव्हतं. ग्यानोबा अजून उभाच होता. तारामतीनं धोतर ओढून त्याला खाली बसवलं.

“काय झालं वं? काय म्हणली पोरगी?”

ग्यानोबाला गणित कळलं नव्हतं, पण सरांची खाली गेलेली मान त्याला कळली होती.

“मी कशाला इचारलं गं,” तो म्हणाला. “मी इचारायलाच नको हुतं.”

फळ्यापाशी उभ्या राजकन्येला ते स्पष्ट ऐकू आलं.