खिडकीखाली ऐकलेले निरोप

दुपारी जेवून डोळ्यांवर झापड आली, की सांगलीतली ती घटना आजही हळूच समोर येऊन बसते.

पेजर नवे होते तेव्हाची गोष्ट; मी तिथल्या पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. कोरेगावकडची एक बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मिरजेत लपून राहत होती. तिचा भाऊ तिथंच डॉक्टर. खोली बदलली, की ती टेलिफोन बूथवरून सांगलीतल्या पेजर कंपनीला फोन करून नवा पत्ता सांगायची आणि कंपनी तो निरोप भावाच्या पेजरवर पाठवायची. दोनदा नवरा नेमका त्याच पत्त्यावर हजर! दुसऱ्या वेळी तिचा हात मोडला.

"साहेब, पुन्यांदा गावले तर ह्यो मला जित्ती ठेवायचा न्हाई," ती म्हणाली.

माझा संशय निरोप उतरून घेणाऱ्या मुलीवर. तिला ठाण्यात बोलावून चांगलं फैलावर घेतलं. ती रडली, पण बधली नाही. "साहेब, लोक विश्वासानं घरचं सांगतात. मी आईजवळसुद्धा बोलत नाही." कंपनीच्या मॅनेजरनं निरोपांच्या वह्यांचं कुलूपबंद कपाट दाखवलं, कॉम्प्युटरला पासवर्ड आहे म्हणून ऐटीत सांगितलं. मी चडफडत बाहेर पडलो आणि त्यांच्याच खिडकीखालच्या चहाच्या टपरीवर बसलो.

कडुलिंबाची सावली, स्टोव्हची घरघर. डोळा लागला माझा. त्या गुंगीत वरून मुलींचे आवाज झिरपू लागले. 'आई बरी आहे, घाई करू नकोस.' 'मुलगी झाली, पेढे आण.' अख्खी सांगली माझ्या कानाशी कुजबुजतेय असं वाटलं. ऐकतच राहावं! मग दचकून उठलो. अरे देवा! चूक होऊ नये म्हणून प्रत्येक निरोप पेजरच्या नंबरासकट मोठ्यानं परत वाचून दाखवायचा, ही कंपनीची शिस्त. आणि उकाड्यामुळं खिडकी सताड उघडी.

टपरीवाल्याला नवऱ्याचं वर्णन सांगितलं. "त्यो व्हय? रोज येतोय की. च्या घेतो आन् डोळं झाकून बसतो."

दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर त्याला धरला. खिशात मेव्हण्याचा पेजर नंबर लिहिलेली चिठ्ठी सापडली. त्या मुलीची मी मनापासून माफी मागितली, मॅनेजरला मात्र खिडकीवरून चांगलं झापलं.

संध्याकाळी बाईचा जबाब घेतला. लिहून झाल्यावर हवालदार रिवाजाप्रमाणे तो खणखणीत आवाजात वाचून दाखवू लागला. बाहेर व्हरांड्यात, अटकेतल्या भावासाठी आलेला तिचा दीर बसलेला. नव्या पत्त्याची ओळ यायच्या आधी बाई प्लास्टरातला हात सावरत उठली आणि तिनं ठाण्याची खिडकी लावून घेतली.

त्यानंतर माझ्या ठाण्यात जबाब हळू वाचले जाऊ लागले. पण त्या दिवशी ती खिडकी मी लावायला हवी होती.