बिडीनं पाडलेली भोकं

रोलिंग मिलमधल्या माणसाच्या सदऱ्याची चाळणी होते. तापलेली लाल सळई रोलरमधून सळसळत बाहेर येते, ती चिमट्यात धरून पुढच्या खाचेत घालायची असते. तेवढ्यात ठिणग्या उडतात आणि छातीवर, बाहीवर बारीक भोकं पडतात. भुजंग जालन्याला हे काम करायचा आणि शनिवारी हसनाबादला घरी यायचा. रविवारी त्याची बायको द्वारकाबाई ती भोकं शिवत बसायची, तीही ओट्यावर, गल्लीला दिसेल अशी. सळई धरणाऱ्याची बायको म्हणून तिला गल्लीत मान होता.

दिवाळीआधी मिल बंद पडली. भट्टी विझली, गेटला कुलूप लागलं. भुजंगनं घरी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगण्याची वेळ मागं पडली. तो मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलू लागला. ज्या घरच्या वावरात दुसऱ्यांची माणसं राबली, त्या घरातल्या माणसानं पाठीवर दुसऱ्याचं पोतं घ्यावं, हे त्याला स्वतःशीही बोलवत नव्हतं. शनिवारी गाडीत बसण्याआधी तो जालन्याच्या स्टँडच्या भिंतीमागं जाई, बिडी पेटवी आणि सदऱ्यावर टेकवी. एक बाहीला, दोन छातीवर. कापड जळल्याचा वास येई. हात आता त्यात सराईत झाला होता, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटे.

गावात टीव्ही हुकमचंद शेठच्या घरी होता. रविवारी संध्याकाळी ओसरी भरून जायची, पुरुष पुढं, बायका खांबामागं. शहरात राहणाऱ्याला यंत्रातलं कळतं म्हणून माळवदाच्या छतावर अँटेना फिरवायचं काम भुजंगकडं होतं. त्यालाही ते बरं वाटायचं. तिथून पडदा दिसत नसे.

त्या रविवारी कामगाराची मालिका लागली होती. नोकरी गेलेला एक माणूस, त्याची बायको, एक खोली. हिंदी बोलणं बायकांना नीट कळत नाही म्हणून हिंदी समजणारा भिवा मोठ्यानं सांगत होता.

"आलं का?" वरून भुजंगनं विचारलं.

"मुंग्या आल्या. जरा औरंगाबादकडं धरा भुजंगराव. हां, बस्स, बराबर."

मग भिवा सांगू लागला, "आता नळापाशी थांबला. खिशातून ग्रीसची डबी काढली. हाताला फासून राह्यला. घरी गेल्यावर म्हणणार, कामावरून आलो."

ओसरीत हसू पिकलं.

"लई हुशार. बायकोला बिलकुल पत्ता न्हाई," भिवा म्हणाला.

हुकमचंदची आई सुगनबाई आतून म्हणाली, "बायकोला पयल्याच दिवशी कळतं रे. बोलत न्हाई ती."

भुजंगचं मनगट आपोआप वळलं. अँटेनाचा पाइप गर्रकन फिरला.

"गेलं, गेलं. मुंग्या आल्या," खालून ओरडा झाला. "जल्दी फिरवा."

त्यानं आणखी उलट फिरवला. पण आवाज गेला नाही. चित्र घालवता आलं तरी आवाज तसाच राहील, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. दिसेनासा झालेला तो माणूस बायकोला सांगत होता की आज ओव्हरटाइम होता. बायको काहीच म्हणत नव्हती. कठड्यावरून भुजंगला दिसलं, खांबामागून द्वारकाबाई उठली आणि पदर सावरत घराकडं निघाली.

तो घरी आला तेव्हा ती चुलीपुढं त्याचा सदरा शिवत होती.

"ठिणगीचं भोक टाचणीएवढं असतंय," ती वर न बघता म्हणाली. "हे बिडीचं हाय. अन् कॉलरला पोत्याच्या तागाची कुसं हायत."

तो म्हणाला, "मंग शिवत कशाला बसलीस?"

"गल्लीतल्या बायकांनाबी डोळे हायत. भोक मोठं दिसू नये म्हणून दोरा आत ओढून घेते." तिनं दोरा दातानं तोडला. "दिवाळीपासून वाट पाहून राह्यले. म्हणलं, सांगताल."

त्याला वाटत होतं, आपण एकट्यानं खोटं वागलो. तिनं तेच खोटं दर रविवारी ओट्यावर बसून, मान खाली घालून, एकेक टाका घालत पुरं केलं होतं.

सोमवारी ती त्याला स्टँडपर्यंत सोडायला आली. एरवी येत नसे. पिंपळाच्या पारावर भिवा चार जणांत बसला होता.

"काय भुजंगराव, चालले का ड्युटीवर?"

भुजंगनं द्वारकाबाईकडं पाहिलं. ती दुसरीकडं बघत होती.

"मिल बंद पडली," तो म्हणाला. "मोंढ्यात हमाली करून राह्यलो."

मग भिवानं मांडीवर थाप मारली. "कालची मालिका लई मनावर घेतली वाटतं. ग्रीसची डबी कुठंय, दाखवा की."

सगळे हसले. आता फक्त पुन्हा एकदा सांगायचं होतं, तेच, जरा मोठ्यानं. द्वारकाबाईनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. वळणावर गाडीचा आवाज आला.

भुजंगही हसला.