पदराआडची सूज

यादवबाबांना मोहिनी तशी फारच थोडी ठाऊक होती. पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसवर ते फाटकावरचे वॉचमन, ती आत बसून घडांतले खराब मणी कातरणारी. येता-जाता दोन शब्द, एवढीच ओळख. ती कशाला भ्यायची, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तिच्या हृदयात जन्मतःच दोष. लहानपणी ऑपरेशन झालं, तेव्हाच डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला. त्याची तार शिरेतून हृदयात गेलेली. यंदा त्या जागी लाल सूज आली. नाशिकच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "तारेला जंतू लागलेत. सगळं काढावं लागेल, तेही लगेच."

भाऊ किशोर म्हणाला, "आधी सुपारी फुटू दे. खांद्याला पट्टी दिसली तर पाव्हणे दारातूनच माघारी जातील."

चुलतीने हळदीचा लेप लावला. वरून पदर. ताप आला की गोळी. हंगाम सरत आला तरी किशोरचं 'आधी सुपारी' संपेना.

पॅकहाउसवर हे सगळ्यांना कळलं होतं. किशोर बहिणीला सोडायला आला, तेव्हा यादवबाबांनी त्याला फाटकावरच गाठलं. "अरे, बैलाचा खांदा सुजला तर तू त्याच्यावर जू ठेवत नाय, अन् ही तर तुझी बहीण हाय!"

"बाबा, तुम्ही फाटक सांभाळा," किशोर म्हणाला.

शेवटी पाहुणे आले. मुलाच्या आईने विचारलं, "सैपाक येतो का गं?"

मोहिनीने पोह्यांची ताटली खाली ठेवली आणि पदर बाजूला केला. "सैपाक येतो. हेही बघून घ्या. आत मशीन हाय, अन् ते पिकलंय. भावाला पट्टीची लाज वाटती."

पाहुणे पोहे टाकून उठले. दुसऱ्या दिवशी फाटकावर तिने हे हसत सांगितलं. डोळे मात्र पेटलेले.

मुंबईच्या हॉस्पिटलात तार काढताना ती गेली. इतक्या वर्षांची तार आत मांसात रुतलेली, आणि तोवर जंतू रक्तात पसरलेले. तेराव्याला किशोर म्हणाला, "तिचं नशीब." यादवबाबा भरल्या पानावरून उठले. नशिबाने लावला होता का तो लेप?

मुंबईला निघायच्या दिवशी ती फाटकाशी थांबली होती.

"बाबा, माझी कात्री ठेवा. माझ्या शेजारी बसती त्या शुभांगीला देऊ नका, ती कात्रीनं सुतळ्या कापती."

"नाय देत. धार लावून ठेवू?"

"नको, तुम्ही बोथट कराल. आल्यावर मीच लावते."

"बरं."