उलट्या हाताचा मिस्त्री

विजेच्या कोणत्याही वस्तूला तो आधी उलटा हात लावायचा. कारण विचारलं की सांगायचा, "सुलट्या हातानं धरलं त मूठ वळते, मंग वीज सोडत नाही. उलटा हात आपोआप मागं येते." मोठ्या घरच्या मालकांशी बोलायची त्याची रीतही तीच होती. आधी हळूच चाचपायचं, झटका बसतोय असं दिसलं की हसत मागे व्हायचं.

गोंदियात आमच्या सासऱ्यांची धानाची गिरणी होती. तिथलं इंजिन आणि आमच्या आळीतल्या विजेच्या तारा हाच मिस्त्री पाहायचा. त्याला नाव होतं, पण सगळे मिस्त्रीच म्हणत. पायात कायम लाकडी खडावा. तो येतोय हे कोपऱ्यावरूनच ऐकू यायचं.

मी लग्न होऊन या घरात आले त्याच उन्हाळ्यात सासऱ्यांनी टेबलपंखा आणला. लोखंडी, काळा, बैलासारखा मान हलवणारा. आळीतली माणसं नुसती हवा खायला यायची. सकाळी फरशी पुसून झाली की चालू पंखा सासऱ्यांकडे वळवून ठेवायचं काम माझं होतं. आणि एक दिवस त्या पंख्याने मला असा झटका दिला की मी किंचाळून मागे पडले.

सासऱ्यांनी हात लावून पाहिला, काही नाही. नवऱ्याने पाहिला, काही नाही. सासूबाईंनी बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसल्या-बसल्या लावला, तरी काही नाही. दुसऱ्या सकाळी मी लावला आणि पुन्हा तेच.

चार दिवसांत आळीत बातमी पसरली की या सुनेच्या अंगात काहीतरी आहे. सासूबाई म्हणाल्या, "मंगळवारी बैलबंडी जुंपा. माहेरी जाऊन उतरवून येऊ दे." उतरवून आल्यावर परत आणणार का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. अशा कारणाने गेलेली पोरगी परत येत नाही, हे मी माझ्याच गावात पाहिलं होतं. मी रोज मोरीत तोंड घालून रडत असे.

सोमवारी सकाळी मिस्त्री पंख्याला तेल द्यायला आला. बंडीची गोष्ट ऐकून त्याने पंख्याकडे पाहिलंच नाही. आमच्या पायांकडे पाहिलं. सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या पायात खडावा. सासूबाईंचे पाय बंगईवर अधांतरी. मी अनवाणी, नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर. थोरांसमोर सुनेने पायात काही घालायचं नाही, अशी आमच्याकडे रीत.

"मालक, जरा खडावा काढा," तो म्हणाला.

"काऊन?"

"भूत तुमाले वळखते का पाहून राहिलो."

सासरे ऐटीत ओल्या फरशीवर उतरले. "हात उलटा लावा जी," मिस्त्री म्हणाला. त्यांनी लावला, आणि पुढच्या क्षणी धोतर सावरत "अरे बाप रे!" म्हणून ओरडत ते थेट दाराबाहेर.

मिस्त्री सासूबाईंकडे वळला. चेहरा अगदी गरीब. "मालकीनबाई, बंडी तयारच हाय. आता मालकालेबी माहेरी धाडता का?"

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मी आत पळाले. लग्नानंतर त्या घरात मी पहिल्यांदा हसले होते.

आतल्या तारेचं कापड झिजून ती लोखंडाला टेकली होती. त्याने ती गुंडाळली आणि जाताना गंभीरपणे बजावलं, "सूनबाईच्या पायात घरात कायम लाकूड पाहिजे. नाही त जिम्मा माझा नाही." सासूबाई दिवसभर धुसफुसल्या. संध्याकाळी सुताराकडून माझ्या मापाच्या खडावा आल्या.

पुढे कधीतरी मी त्याला विचारलं, खडावा नसत्या तर खरंच झटका बसला असता का?

"कायले? पंखा त तवाच सुधरला व्हता." तो इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "पन फरशी थंडी हाय ना, बाई."

ही लबाडी मी सात वर्षं पोटात ठेवली.

मग एका वर्षी धानकापणीच्या दिवसांत त्याला हिवतापाने गाठलं. गिरणीमागच्या खोलीत तो एकटाच राहायचा. सासूबाई स्वतः पेज घेऊन निघाल्या, मी मागे. त्यांनी त्याच्या कपाळाला उलटा हात लावून ताप पाहिला.

डोळे न उघडताच तो म्हणाला, "करंट हाय का, मालकीनबाई?"

"हाय. पन उतरून राहिला."

ताप उतरत नव्हता. चौथ्या दिवशी मिस्त्री गेला.

त्या संध्याकाळी मी खडावा काढून सासूबाईंसमोर उभी राहिले. मला राहवेना. "आत्याबाई, तो पंखा त्याच दिवशी सुधरला व्हता. खडावाचं त्यानं खोटं सांगितलं."

बंगई थांबली नाही. "मालूम हाय. त्याच दुपारी पाय वले करून मी हात लावून पाहिला व्हता."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्या पायांकडे पाहिलं.

"घाल त्या," म्हणाल्या. "फरशी थंडी हाय."