दोन डबे आणि एक अर्ज

आमचे भौतिकशास्त्राचे मुरली सर गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. मीही टाकलं आणि अकरावीचा तास घ्यायला गेले. रडू आलं नाही. भीती वाटली. सरांना एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि ऐकणारा माणूसच आता उरला नव्हता. याला सहा आठवडे झाले.

विसरवाडीहून मी शहाद्याला शिकायला आले तेव्हा घरची, आम्हा कोकणा आदिवासींची कोकणी, पुस्तकातली मराठी आणि वर्गातल्या पोरींची अहिराणी यांत गोंधळून गप्पच बसायचे. मला बोलतं केलं ते सरांच्या दोन डब्यांनी. तेलाचे रिकामे डबे, एकात कापूस, दुसऱ्यात तापीची वाळू, झाकणं बंद, दोन्ही व्हरांड्यात लांब दोरीनं टांगलेले. उचलायचं नाही, नुसतं ढकलायचं. पहिला सहज गेला, दुसऱ्यानं हात अडवला. सर म्हणाले, “वजन ते दोरीनी धरी ठेयेल शे. मंग तुले जड काय लागी ऱ्हायनं?” मग त्यांनीच उलगडलं, की जागचं हलायला वस्तू जेवढा विरोध करते, ते तिचं वस्तुमान. चंद्रावर नेली तर वजन घटेल, हा हट्ट मात्र तेवढाच राहील. आणि पुढे त्यांचा लाडका पेच यायचा. पृथ्वी वस्तूला किती ओढते तेही वस्तुमानावरच ठरतं. हलायला नकार देणं वेगळं, पृथ्वीच्या ओढीला दाद देणं वेगळं. मग दोन्हीकडे आकडा एकच कसा? म्हणून तर धोंडा आणि गोटी एकदम सोडली तर बरोबरच खाली येतात. शास्त्रज्ञांनी या जुळण्यालाच पाया मानून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त उभा केला, हेही ते सांगत. पण पाया मानला म्हणजे कारण कळलं असं नाही, असं म्हणून आठवडाभर वर्गाला त्यातच ठेवत.

पुढे मी त्यांच्याच विभागात शिकवायला लागले आणि काही वर्षांनी विभागप्रमुखही झाले. बारावीचा अभ्यासक्रम मागे पडायचा, पालक येऊन माझ्याशी भांडायचे, आणि सर आपले डबे टांगून बसलेले. एका दुपारी मी संस्थेला अर्ज लिहिला, की त्यांच्याकडची बारावी काढून घ्यावी. ती मलाच मिळाली. सरांकडे फक्त प्रयोगशाळा राहिली. त्यांनी मला स्टाफरूममध्ये विचारलं, “हाई कोनी करं व्हई?” मी म्हणाले, “संस्थेनंच ठरवलं असेल, सर...” मुलांचं नुकसान होत होतं, हे मला आजही खरंच वाटतं. पण तोंडावर सांगायला हवं होतं. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

निवृत्तीनंतर ते आजारी पडले. शेवटचं भेटले तेव्हा खाटेवर नुसता सांगाडा उरला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, “सर, जरा वजन कमी झालंय, भरून येईल.” ते हसले. “वजन नाही बेटा, वस्तुमान चाललंय. नुसतं वजन घटवायला चंद्रावर जावं लागतं.” मग विचारलं, “बारावीला डबे टांगतेस ना?”... मी हो म्हणाले. एकदाही टांगले नव्हते.

सर गेल्यावर भेटायला लोणखेड्याला त्यांच्याकडे गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, माझा हात धरून म्हणाल्या, “यवढा मानसेसमा एक तूच त्यासना बाजूनी व्हती.” मी चहा प्यायले.

रविवारी ओट्यावर बसून पेपरची पुरवणी मोठ्यानं वाचायची सरांची सवय होती. काकू ऐकत भाजी निवडायच्या. आता ऐकायला कोणी नाही, तरी त्या तशाच मोठ्यानं वाचतात, असं शेजारची बाई सांगत होती. म्हणजे आजच्या पुरवणीत छापलेलं माझं हे लिखाण, त्यातल्या अर्जासकट, त्यांनी आता मोठ्यानंच वाचलं असेल... काकू, आज दुपारी मी येते आहे. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.